भेट मिळालेल्या घराची तपासणी

शनिवार, ९ सप्टेंबर

डार्ला म्हणाली, "तुझ्या काळज्या तू वहीत लिहीत जा. मला फोनवर सांगितल्यास की बस चालवताना मी त्याच घोळवत बसते, आणि मागे चाळीस पोरं असतात." ती शाळेची बस चालवते. म्हणून ही वही. दुकानातूनच घेतली, जिथे मी खत आणि बियाणं विकतो. दोन वह्या उघडून पाहिल्या, एकीची शिवण वाकडी होती, दुसरी घेतली.

आजची बातमी मोठी आहे. चर्चच्या मासळी-जेवणात ऑर्विल मामा उभे राहिले, हात वर केला, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की एमेट आणि डार्लाला लग्नाची भेट म्हणून मी माझं जुनं घर देतो आहे, जमिनीसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा या चर्चचे पाद्री आहेत. गेल्या वर्षी मंडळींनी त्यांना आणि ट्रूडी मामींना चर्चशेजारी विटांचं घर बांधून दिलं, तेव्हापासून जुनं रिकामंच आहे. ते घर कारखान्यात बनून चाकांवर दोन तुकड्यांत आलं होतं आणि इथे जोडलं. आई टेक्सासला कामाला गेली आणि तिकडेच राहिली, तेव्हापासून मी त्याच घरात वाढलो. माझ्या उंचीच्या खुणा अजून स्वयंपाकघराच्या दाराला आहेत.

मी आभार मानायला उठलो. मामांनी खांदा दाबला आणि म्हणाले, "काही बोलू नकोस, मासा गार होतोय."

परत जाताना डार्ला गाडीत म्हणाली, "घर छान आहे. भेट तर फारच छान आहे. आता तपासून घे."

मी म्हणालो, "भेट आहे ती. भेट कोणी तपासून घेतं का?"

"मी घेते."

तिचं कारण मला माहीत आहे. ती नऊ वर्षांची असताना वादळात त्यांचं असंच घर उलटलं. ती न्हाणीघरातल्या टबात झोपलेली होती. टबासकट शेजाऱ्यांच्या भुईमुगात सापडली, अंगावर ओरखडाही नाही. सांगताना ती हसते. पण त्यानंतर चाकांवर आलेल्या घरात ती एक रात्रही राहिलेली नाही. आज म्हणाली, "कोणीतरी शिकलेल्या माणसाने त्या घराखाली एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर यायला हवं. मग मी येईन. नाही तर कॅरोलच्या मागच्या खोलीत आपण दोघं, कॅरोल आणि तिची तीन मांजरं."

कॅरोल म्हणजे तिची बहीण. मला मांजरांनी शिंका येतात.

लग्न चार नोव्हेंबरला.

मंगळवार, १२ सप्टेंबर

मामांना विचारायचं कसं, याचा तीन दिवस सराव केला. शेवटी दुकानात ते कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आले तेव्हा पोत्यामागून म्हणालो, "मामा, डार्ला म्हणत होती की घर एकदा तपासून..."

मामांनी पोतं खाली ठेवलं. "काय तपासायचं त्यात?"

"असंच. रीत म्हणून."

"अरे, ते घर मी माझ्या हातांनी बसवलंय. सिमेंटचा एक एक ठोकळा मी ठेवलाय. तू त्यात वाढलास. कधी अंगावर छप्पर पडलं?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "बरोबर आहे." मामांसमोर मला दुसरं काही कधीच सुचत नाही. ते चिडत नाहीत, फक्त थोडे दुखावतात, आणि तेच वाईट असतं.

मग त्यांनाच दया आली. म्हणाले, "तिचं समाधान होणार असेल तर डूलीला सांगतो. त्याच्याकडे परवाना आहे."

डूली चर्चमध्ये दान गोळा करतो आणि एरवी विमे विकतो. परवाना कशाचा आहे ते मी विचारलं नाही.

शनिवार, १६ सप्टेंबर

डूलीने घर तपासलं. मी सकाळी सातपासून तयार होतो. सगळे दिवे लावून, सगळे नळ उघडून, बंद करून ठेवले. डूली अकराला आला. मामींनी पेकनचा पाय पाठवला होता, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचं गोड सारण भरून भाजलेला त्यांचा तो पदार्थ. डूलीने झोपाळ्यावर बसून त्याचे तीन तुकडे खाल्ले, गोड चहा घेतला, मग उठून घराच्या बुडाशी लावलेल्या पत्र्यांवर बुटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "दणकट आहे." कागदावर सही केली.

डार्लाला फोन केला.

"खाली गेला होता?"

"वाकला होता."

"किती?"

"बुटाची नाडी बांधण्याइतका."

"गुडघ्यांना माती लागली होती का?"

मी आठवून पाहिलं. पांढरी पँट होती, इस्त्रीची. पायचे कण होते, माती नव्हती.

"एमेट," ती म्हणाली, "मी रोज सकाळी बस सुरू करण्याआधी तिच्याभोवती फिरते. टायर, दिवे, मागचं दार, खाली वाकून तेल गळतंय का. रोज. ती काल चांगली होती हे मला माहीत असतं तरी. ते झोपाळ्यावरून होत नाही."

बुधवार, २० सप्टेंबर

दोन काउंट्या पलीकडे एक बाई आहेत, ग्लेंडा पीव्ही. त्या फक्त अशीच घरं तपासतात. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने नाव दिलं. फोन केला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "खाली जायला दार आहे का? पत्र्यांत झडप असते ती."

"आहे. मागच्या बाजूला."

"मोकळी ठेव. सहा ऑक्टोबरला येते. आणि तुझ्या ओळखीच्या कोणालाही मला पाय खाऊ घालू देऊ नकोस, माझी साखर वाढलेली आहे."

मी पायबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. बहुधा सगळीकडे असंच असतं.

मामांना सांगायचं राहिलं आहे. उद्या.

रविवार, २४ सप्टेंबर

उद्या म्हणता म्हणता आज सांगितलं. प्रार्थना संपल्यावर, बाहेर मांडवात. हा मांडव जिथे आहे तिथे एकदा तंबू उभा होता. मी बारा वर्षांचा होतो. उन्हाळ्यातल्या प्रवचनांसाठी भाड्याने तंबू आणला होता, दोनशे माणसं आत, आणि वादळ आलं. गावातल्या दुकानाचं छप्पर उडालं, शाळेची भिंत पडली, तंबू मात्र जागचा हलला नाही. मामा आत उभे राहून प्रार्थना करत होते. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. लगेच मंडळींनी त्या जागेवर आभार म्हणून सिमेंटची फरशी घालून मांडव उभा केला. अजूनही बाहेरची माणसं मामांना विचारतात, "ते तंबूवाले ब्रदर ऑर्विल तुम्हीच ना?" मामा म्हणतात, "देवाची कृपा," आणि विषय बदलतात. ते फार नम्र आहेत.

मी म्हणालो, "मामा, सहा तारखेला एक बाई येणार आहेत. डूलीने बघितलं ते वरवरचं."

"पैसे देऊन बोलावलीस?"

"हो."

त्यांनी खाली फरशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस असं मला कधी वाटलं नव्हतं."

मी जेवलो नाही. मामींनी डबा बांधून दिला.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

मामांचं मन किती मोठं आहे ते आज कळलं. राग धरला असेल असं मला वाटत होतं, आणि मी दुकान सुटल्यावर भेटीच्या घराकडे गेलो तर ते त्याच्या मागच्या बाजूला घाम गाळत अझेलियाची झुडपं लावत होते. चांगली कमरेएवढी, दाट. म्हणाले, "नव्या नवरीला फुलं हवीत."

फक्त एकच, ती नेमकी झडपेसमोर लागली आहेत. मी ते म्हणालो. मामा म्हणाले, "अरेच्चा."

उपटायला मन होईना, इतक्या कष्टाने लावलेली.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

झुडपं हलवली. मुळं न तुटता, मातीच्या गोळ्यासकट. पाणी घातलं. सुकली नाहीत.

संध्याकाळी मामांनी त्यांची होडी आणून तिथे ठेवली. म्हणाले, चर्चच्या आवारात जागा नाही, थोडे दिवस राहू दे. होडीच्या गाड्याचं एक चाक बसलेलं आहे.

डार्लाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझे मामा पोहतात का रे?"

"नाही, का?"

"सहज विचारलं."

मी दुकानातून पंप आणून चाकात हवा भरली आणि होडी पेकनच्या झाडाखाली नेली. मामांना चिठ्ठी ठेवली की सावलीत रंग टिकेल.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आजचं सगळं नीट लिहितो.

पीव्ही बाई बरोबर आठला आल्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज मोठा. आल्या आल्या एकच अखंड कपडा अंगात चढवला, डोक्यावर दिवा बांधला आणि मला म्हणाल्या, "तू पण येतोस का?" मी म्हणालो मला अरुंद जागेची भीती वाटते. "बरं, मग इथे बस आणि मी ओरडले की लिही."

आधी आत फिरल्या. पाणी तापवायच्या टाकीजवळ जमीन मऊ आहे, तिथे टाच दाबली तर दबते. विजेचं ठीक आहे. छपराला एक जागी डांबर हवं. मी सगळं लिहिलं. मग झडप उघडून त्या पोटावर सरपटत आत गेल्या. दहा मिनिटं नुसता प्रकाश हलताना दिसत होता.

मग आवाज आला, "दोन भागांच्या मधला गरम हवेचा नळ सुटलाय. इथे एक पॉसमची बाई राहते, मांजराएवढं रानटी जनावर, पिलं पाठीवर आहेत. हिवाळ्यात तुम्ही हिचं घर तापवत होतात."

मला हसू आलं. मामा दर जानेवारीत विजेच्या बिलावरून मामींना बोलायचे.

"ठोकळे चांगले आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "कोणी बसवले? हात चांगला आहे." मला बरं वाटलं, लिहून घेतलं.

मग प्रकाश भराभर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि परत आला. त्या समोरचा एक पत्रा सरकवून बाहेर आल्या. केसांत जाळी, कोपरापर्यंत माती.

"या घराचे खुंटे कुठे आहेत?"

"कसले खुंटे?"

त्यांनी डोक्यावरचा दिवा काढला. मग हलक्या आवाजात सांगितलं. अशा घराच्या खालच्या लोखंडाला पट्टे बांधतात आणि ते पट्टे जमिनीत खोल पिळून बसवलेल्या खुंट्यांना जोडतात, म्हणजे वाऱ्याने घर उचललं जात नाही. "पट्टे सगळे आहेत. नट काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेत. पण दुसऱ्या टोकाला काही नाही. कुत्र्याची साखळी आहे, कुत्रा नाही. जमिनीत भोकं बुजलेली दिसतात, म्हणजे होते, कोणीतरी काढले. खूप वर्षांपूर्वी."

"चोरीला गेले असतील?"

"चोर पट्टे गुंडाळून ठेवत नाही, बाळा."

म्हणजे मी इतकी वर्षं ज्या घरात झोपलो ते नुसतं ठेवलेलं होतं, टेबलावर डबा ठेवावा तसं.

शनिवार, ७ ऑक्टोबर

मामांकडे गेलो. मामी भुईमूग उकडत होत्या. मी सांगितलं, खुंटे नाहीत. मामा खुर्चीत बसले होते ते तसेच राहिले. मला वाटलं ते चोराबद्दल विचारतील.

ते म्हणाले, "मांडवाखाली आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्या दिवशी तंबूवाल्याने नुसत्या लाकडी मेखा आणल्या होत्या. आपली जमीन वाळूची. दुपारीच आकाश हिरवं दिसायला लागलं, आणि दोनशे माणसं निघून चुकली होती, काही तर शेजारच्या काउंटीतून. मामा एकटे घरी आले, पहार घालून सगळे खुंटे उलटे पिळून काढले, आणि तंबूच्या दोरांना लावले. "दुसऱ्या दिवशी परत आणणार होतो," ते म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी सकाळीच फोटोवाला आला. लोक रडत होते, माझे हात धरत होते. म्हणत होते, तुमच्या प्रार्थनेने तंबू राहिला. मी प्रार्थनाही केली होतीच. मग म्हटलं, चार दिवसांनी काढू. चार दिवसांनी मंडळी सिमेंट घेऊन आली."

"मग नवे आणायचे होते."

"कुठून? तुझ्याच दुकानातून? तेव्हा म्हातारे ग्रीर बसायचे तिथे. डझनभर खुंटे मागितले असते तर पहिला प्रश्न काय विचारला असता?"

मामींनी चुलीवरचं झाकण काढलं, ढवळलं, परत ठेवलं.

मामा म्हणाले, "ट्रूडी, मी तुला सांगणार होतो."

"मला माहीत होतं," मामी म्हणाल्या.

आता मामा त्यांच्याकडे बघायला लागले.

"आकाश जरा काळं झालं की तुम्ही आम्हाला उठवून माझ्या बहिणीच्या विटांच्या घरी डॉमिनो खेळायला न्यायचात. बारा वर्षं. ऑर्विल, डॉमिनो इतका कोणालाही आवडत नाही."

मला तर वाटायचं मामांना तो खेळ मनापासून आवडतो. वाढदिवसाला मी त्यांना हस्तिदंती रंगाचा संच दिला होता.

मग मामींनी वाडगा त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवला आणि म्हणाल्या, "पण तुम्ही प्रवचनाला परगावी जायचात तेव्हा मी आणि हे पोर तिथेच असायचो. ते मी अजून विसरलेले नाही."

मी निघालो तेव्हा मामा माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. म्हणाले, "एमेट, यावर उपाय सोपा आहे. मी आणि डूली, अंधार पडल्यावर, दोन रात्रींत खुंटे बसवतो. लांबच्या गावातून आणतो. मग त्या बाईला फोन करून सांग की खुंटे होतेच, आधी तिच्याच नजरेतून सुटले. कागदावर तेवढं येऊ देऊ नकोस. लोकांना काय करायचंय? उगाच त्यांची श्रद्धा हलेल."

मी म्हणालो, विचार करतो.

त्यांनी खांदा दाबला, नेहमीसारखा.

सोमवार, ९ ऑक्टोबर

विचार करतोय. मामा चुकीचं म्हणतात असं नाही. खुंटे बसले म्हणजे बसले, रात्री काय आणि दिवसा काय. डूलीला पहारही चालवता येत असेल.

डार्लाला सगळं सांगितलं, मामांचा उपायही. मला वाटलं ती खुंट्यांवरून घाबरेल. खुंट्यांबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं, "मग तू मामांना काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

"अच्छा."

"काय अच्छा?"

"काही नाही. पोरांना सोडायचंय." दुपारचे बारा वाजले होते. बाराला कोणती पोरं सोडतात ते मला माहीत नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

डार्लाचा फोन नाही. मी केला तर कॅरोलने उचलला, म्हणाली ती डोकं धुतेय. काल पण धूत होती.

पीव्ही बाईंना मी फोन केला, सहज म्हणून, की माहितीतल्या माणसाने बसवले तर चालेल का. त्या म्हणाल्या, "कोणत्या जमिनीत किती लांबीचा खुंटा हे ओढ मोजून ठरवतात. तुझा माहितीतला माणूस ओढ मोजतो का?"

"तो विमे विकतो."

"मग त्याला विमा विकू दे. आणि हे पण ऐक. खुंटे लागले म्हणून शहाणपणा करायचा नाही. ते जोराच्या वाऱ्यासाठी. चक्रीवादळाचा भोंगा वाजला की घर सोडून तळघर गाठायचं, मग घर कसंही बांधलेलं असो."

मग मला जाणवलं की मामा नेमकं तेच करत होते, फक्त भोंग्याच्या आधी. ते वाईट माणूस नाहीत. ही गोष्ट मी इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मला त्यांच्याकडे जायचं आहे.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. पानभर होतं, आभारापासून सुरुवात. मामा चर्चमध्ये खुर्च्या लावत होते. मी खिशात हात घातला तर कागद गाडीत राहिला होता.

मामा म्हणाले, "ठरलं का? डूलीला उद्या सांगू?"

मी म्हणालो, "नाही."

"मग परवा?"

"नाही. परवानावाला माणूस येईल, दिवसा. पीव्ही बाई परत येऊन बघतील. कागदावर जे आहे ते राहील."

मामांनी खुर्ची उघडली, परत मिटली. "आणि कोणी विचारलं तर?"

"मी सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण मी खोटंही बोलणार नाही."

"मी तुला वाढवलं, एमेट."

"हो," मी म्हणालो. "त्याच घरात."

मला तसं म्हणायचं नव्हतं. ते आपोआप तोंडातून निघालं. मामांचा चेहरा उतरला. मी उरलेल्या खुर्च्या लावू लागलो. दोघांनी मिळून सगळ्या लावल्या. घरी येऊन उलटी झाली.

रविवार, २२ ऑक्टोबर

मामांनी आजही माझ्याकडे पाहिलं नाही. प्रवचन सहनशीलतेवर होतं. मागच्या रविवारचंही.

डार्ला परवा भेटली, चांगली बोलत होती. मला केस कापून घे म्हणाली. मामांना काय म्हणालो ते मी तिला सांगितलं नाही. वाईट वाटत होतं, आणि ती रागावली तर, असंही वाटलं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

खुंटे बसवायला दोन माणसं आली, मोठं यंत्र घेऊन. आवाज एवढा की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण गाडी हळू करायचा. घर रस्त्याला लागूनच आहे, आणि आमच्या रस्त्यावर सगळे आमच्याच चर्चचे.

साडेनऊला मामा आले. कामाचे कपडे नव्हते, रविवारचे बूट होते. मला काही बोलले नाहीत. अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

पहिली गाडी वेबची आली. वेब ट्रॅक्टर दुरुस्त करतो. काच खाली केली. "काय चाललंय, ब्रदर ऑर्विल?"

"खुंटे बसवतायत."

"आधीचे गंजले?"

मी दारात उभा होतो. मामांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"आधीचे मांडवाखाली आहेत, वेब. त्या वादळात तंबूला मी ते लावले होते. या घराचे काढून."

वेबने गाडी बंद केली. यंत्र थांबलं होतं तेवढ्यात. मग म्हणाला, "माझी आई पुढच्या रांगेत होती त्या दिवशी."

"माहीत आहे."

"आणि हे घर नुसतंच उभं होतं?"

"बारा वर्षं."

"ट्रूडी वहिनींना माहीत होतं?"

"मला वाटायचं नाही."

वेब हसायला लागला. मामाही थोडे हसले असावेत, मला पाठच दिसत होती. मग दुसरी गाडी आली, आणि मामांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुपारपर्यंत सांगत होते. बहुतेकांनी मान हलवली, एकाने हात मिळवला. म्हाताऱ्या मिसेस ग्रीर मात्र गाडीतून उतरून आल्या आणि म्हणाल्या, "बायको-पोराला उघड्यावर ठेवून पाहुण्यांना बांधून ठेवलंत? शाबास." आणि निघून गेल्या. मामा त्यांच्याकडे बघत राहिले.

जाताना मला म्हणाले, "तो तिसरा खुंटा तिरपा घालतायत का, बघ." मी पाहिलं. तिरपा नव्हता. पण ते माझ्याशी बोलले.

सोमवार, ३० ऑक्टोबर

पीव्ही बाई परत आल्या, परत सरपटल्या, प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. सगळं पास. गरम हवेचा नळ मी स्वतः जोडला, झडपेतून आत जाऊन. पाच मिनिटं आत होतो, डोळे मिटून. पॉसमची बाई पिलांना घेऊन मामांच्या होडीत राहायला गेली आहे. मामांना अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

उद्या लग्न.

शाळा सुटल्यावर डार्ला बस घेऊनच आली, रिकामी, पिवळी, आमच्या अंगणात. मी पीव्ही बाईंचा कागद हातात घेऊन पायरीवर उभा होतो. एकोणीस पानं, मी कोपरे दुमडून ठेवले होते, काय आधी वाचायचं त्याप्रमाणे. तिने तो घेतला आणि काखोटीला मारला.

"मामी भेटल्या सकाळी," ती म्हणाली. "तू म्हणे मामांना नाही म्हणालास."

"तीन आठवडे झाले त्याला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रागावशील असं वाटलं."

ती एक पायरी वर आली. "कसं वाटलं नाही म्हणताना?"

"उलटी झाली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर खुर्च्या लावल्या."

ती हसली, मग तिचे डोळे भरले, ते का ते मला कळलं नाही. घराची तर आता काळजीच उरली नव्हती. मी तिला तेच सांगितलं, की प्रत्येक पट्टा ओढून पाहिलाय, पान सातवर आकडे आहेत.

"हो हो," ती म्हणाली. मग तिने बस मागे घेऊन पाहिली, पेकनच्या झाडाला लागत नाही ना, वळायला जागा पुरते ना. दोनदा पाहिलं. खाली उतरून बसभोवती एक चक्कर मारली, चाकं बघितली. आणि तिथेच उभी राहून शाळेच्या वाहन-कचेरीत फोन लावला. "अठरा नंबरची बस," ती म्हणाली. "सोमवारपासून रात्री ती हिकरी रोडला, आमच्या नव्या घरी उभी राहील. हो, कायमची. तुमच्याकडे पत्ता बदलून घ्या."

कागद बसमध्येच राहिला, चालकाच्या खुर्चीवर, अजून न उघडलेला. लग्नाच्या गडबडीत तिला वेळ नसेल. पुढच्या आठवड्यात आठवण करायला हवी, निदान पाण्याच्या टाकीजवळच्या जमिनीचं पान तरी तिने वाचलंच पाहिजे.